तळटीप १४ : 'खिंड'

लेखक नुसते 'खिंड' म्हणतो, तो दिग्पाल लांजेकर यांचा 'पावनखिंड' (२०२२) हा चित्रपट. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले शिवाजी महाराज विशाळगडी पोचेपर्यंत बाजीप्रभू देशपांडे यांनी मोजक्या बांदल मावळ्यांनिशी घोडखिंड रोखून धरली, ती जुलै १६६० ची लढाई. (मावळ्यांचा तीनशे हा आकडा परंपरेचा, फार ताणू नये.) पडद्यावरचे बाजी अजय पूरकर. अंगभर जखमा, कान मात्र महाराज पोचल्याची खूण देणाऱ्या गडावरच्या तोफेकडे. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात सह्याद्रीची खिंड कुठून यायची? म्हणून पुढच्या पानावर साकोलीची पोरे दोन बांध्यांमधला (भातखाचरांमधला) धुरा अडवून बसतात. मंडईच्या जत्रेतल्या रात्रभराच्या दंडार या लोकनाट्यावर वाढलेल्या लेखकाला बाजींचे मरण लांबल्याची तक्रार नाही, यात नवल नाही.