घाट, रूळ आणि रेंज

बुलढाणा जिल्ह्यात कुणी आपलं गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: घाटावरचं की घाटाखालचं? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे असे दोन भाग पाडले आहेत. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा काळ्या जमिनीचा, कापसाचा पट्टा. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. शिकण्याचं कोणतं साधन कुणाला आधी मिळालं, याचा हिशेबही या घाटापासूनच सुरू होतो.

निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आलं आणि त्यांची नजर गेली ती कापसावर. मुंबईहून निघालेली रेल्वे घाटाखालून सरळ पूर्वेला गेली आणि १८६७मध्ये नागपूरला पोचली. खामगाव या मार्गापासून जरा बाजूला होतं. पण तिथली कापसाची पेठ एवढी मोठी, की जलंबहून तिथवर खास फाटा टाकला गेला आणि १८७०मध्ये व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आले. घाटावर मात्र रूळ चढले नाहीत. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. जिल्ह्याचं ठाणं असलेल्या बुलढाण्यात आजही रेल्वे नाही. हे रूळ गाठींसाठी होते, शाळेसाठी नव्हते. तरी टपाल, वर्तमानपत्रं, छापील पुस्तकं त्याच वाटेने आली आणि घाटावर जायचं तर पुढे बैलगाडी.

रेडिओच्या वेळी आड आली ती प्रांताची सीमा. १९५६मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुण्याच्या आसपास एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. या प्रयोगाची ख्याती जगभर झाली. ते पाचही जिल्हे मुंबई राज्यातले होते. भाषा मराठीच असली तरी बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेशात मोडत होता. मुंबई राज्यात तो आला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

पुढे दूरचित्रवाणी आली. मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी ‘बालचित्रवाणी’ १९८४मध्ये पुण्यात सुरू झाली आणि २०१७मध्ये बंद पडली. कार्यक्रम सगळ्यांसाठीच होते, पण ते पाहायला शाळेत वीज हवी, संच हवा आणि संच बिघडला तर दुरुस्त करणाराही हवा.

२०१५च्या जूनमध्ये राज्याने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला आणि जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची चढाओढ लागली. शिक्षकांनी त्यात मनापासून कष्ट घेतले, याबद्दल दुमत नाही. पण प्रोजेक्टर, टॅब, स्क्रीन यांचा बराचसा पैसा लोकवर्गणीतून उभा राहिला. ज्या गावात बागायतदार, नोकरदार, शहरात कमावणारी मुलं, तिथे वर्गणी चटकन जमते. ज्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, तिथे ती मागायची तरी कुणाकडे? उपक्रम अख्ख्या राज्याचा, पण वर्गात काय येणार हे ठरलं गावाच्या ऐपतीवर. सातपुड्याच्या कुशीतली भिंगारा, गोमाल ही जळगाव जामोद तालुक्यातली आदिवासी गावं तर अजून साध्या रस्त्यासाठी झगडत आली आहेत.

मग बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. पुस्तक फुकट आणि सगळीकडे सारखंच. पानावरचा तो काळा-पांढरा चौकोनही सारखाच. त्यावर फोन धरला तर धड्याचा व्हिडिओ उघडतो. फोन नसेल तर ती नुसती नक्षी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८मध्ये ग्रामीण महाराष्ट्रातल्या ३.३ टक्के घरांत संगणक होता आणि १८.५ टक्के घरांत इंटरनेटची सोय. शहरी भागात हेच आकडे २७.४ आणि ५२ होते.

२०२०च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा हे आकडे घराघरांत दिसू लागले. घरात फोन एक, तोही बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर वावरात. संध्याकाळी तो घरी येईतो वर्ग संपलेला, डेटाही संपत आलेला. त्यात दोन-तीन भावंडं आणि प्रत्येकाची इयत्ता वेगळी. २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिला इंटरनेट लागत नव्हतं, म्हणून ती फोनपेक्षा जास्त घरांत पोचण्याजोगी होती. भारनियमन आडवं आलं नाही तर.

ग्रामीण भागातली नववी ते बारावी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात उघडली, पाचवी ते आठवी जानेवारी २०२१मध्ये. पहिली ते चौथीला १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. म्हणजे जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात पहिल्यांदा बसलं ते थेट दुसरीत. राहून गेलेला अभ्यास भरून काढायला राज्याने १ जुलै २०२१पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला होता. त्याच्या कृतिपत्रिका संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात ठेवल्या गेल्या आणि त्या उतरवून घ्यायला पुन्हा फोनच लागत होता. अनेक शिक्षकांनी पदरमोड करून त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि वस्तीवर नेऊन वाटल्या.