कासुलेची दंतकथा आणि घेवड्याची साक्ष

फ्रान्सच्या दक्षिण भागातील लांगदोक प्रांतात 'कासुले' नावाचा पदार्थ प्रसिद्ध आहे. रात्रभर भिजविलेला पांढरा घेवडा डुकराची कातडी, लसूण व सुगंधी पाला यांसह शिजवावयाचा. त्यात सॉसेज आणि चरबीत शिजवून टिकविलेले बदकाचे वा हंसाचे मांस घालावयाचे. आणि ते सर्व मातीच्या एकाच भांड्यात कित्येक तास भट्टीच्या मंद आचेवर ठेवावयाचे, अशी त्याची कृती आहे. वर धरणारा खरपूस पापुद्रा अधूनमधून मोडून आत दाबतात. तोंडाशी रुंद व तळाशी निमुळत्या अशा या भांड्यास 'कासोल' म्हणतात. त्यावरूनच पदार्थाचे नाव पडले.

या पदार्थाचा जन्म कास्तेलनोदारी गावी झाला, असे परंपरा सांगते. शतवार्षिक युद्धात, 1355 साली, इंग्रजांनी गावास वेढा घातला. तेव्हा नागरिकांनी उरलेसुरले घेवड्याचे दाणे व मांस एका हंड्यात शिजविले, आणि त्या भोजनाने तृप्त झालेल्या सैनिकांनी शत्रूला पार पिटाळून लावले, अशी ही कथा आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती दोन ठिकाणी टिकत नाही.

पहिली गोष्ट युद्धाची. इंग्लंडचा युवराज एडवर्ड याने 1355 च्या शरद ऋतूत बोर्दोहून निघून नार्बोनपर्यंत लुटालूट करीत स्वारी केली. त्या स्वारीत ऑक्टोबरच्या अखेरीस कास्तेलनोदारी जाळण्यात आले आणि युवराज लुटीसह सुखरूप बोर्दोला परतला. ज्या गावाची राख झाली, त्याच गावाला कथेने विजय बहाल केला आहे.

दुसरी गोष्ट अधिक निर्णायक आहे. आज कासुलेत पडणारा घेवडा मूळचा अमेरिकेतील असून तो युरोपात आला सोळाव्या शतकात. 1355 साली युरोपला बाकला ठाऊक होता, चवळीही ठाऊक होती. हा घेवडा नव्हता. शब्दसाधर्म्यानेही फसगत होण्याचा संभव आहे. चौदाव्या शतकातील फ्रेंच पाकग्रंथात 'आरिको' या नावाचे एक मटणाचे कालवण आढळते. परंतु त्यात शेंगवर्गीय धान्य नाही. ते नाव घेवड्यास चिकटले ते पुढे सतराव्या शतकात.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, मूळ पदार्थ बाकल्याचा असावा व पुढे त्यात घेवडा शिरला असावा. ही शक्यता नाकारण्याचे कारण नाही. धान्य व मांस एकत्र शिजविण्याची रीत निःसंशय प्राचीन आहे. परंतु मग जुनी ठरते ती रीत, पदार्थ नव्हे. आणि रीतीला जन्मगाव नसते.

मग दंतकथेचे मूल्य काय? ती चौदाव्या शतकाचा पुरावा नसून पुढील काळातील स्थानिक अभिमानाचा पुरावा आहे. कास्तेलनोदारी, कार्कासोन व तुलूझ या तिन्ही गावांनी या पदार्थावर हक्क सांगितला. प्रॉस्पेर मोंतान्ये या पाकशास्त्रज्ञाने 1929 साली त्यांची तुलना ख्रिस्ती त्रैक्याशी करून पित्याचे स्थान कास्तेलनोदारीस दिले. 1966 साली तर मांस 30 टक्के व घेवडा, रस, मसाला आदी मिळून 70 टक्के, असे प्रमाणही फ्रान्समध्ये ठरविण्यात आले. प्राचीनत्वाचा आग्रह जसा वाढतो, तसा नियमांचाही वाढतो.

हा विचार आपल्यालाही लागू आहे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत होणारी 'फेजोआद' घेवडा व चोरीस यांची असते. तिचे नाव पोर्तुगीज, घेवडा अमेरिकन आणि चोरिसाला तिखटपणा देणारी मिरचीही अमेरिकन. तरी पदार्थ आज अस्सल गोव्याचा मानला जातो, आणि ते योग्यच आहे. मराठीत तर 'घेवडा' हा शब्द पावट्याच्या जातीतील जुन्या देशी शेंगेस आणि या नव्या शेंगेस, अशा दोहोंस लावला जातो. म्हणून जुन्या लेखनात असे नाव दिसताच आजची वस्तू गृहीत धरू नये. शब्द, वस्तू व रीत या तिहींचे काळ वेगवेगळे असू शकतात. ते स्वतंत्रपणे निश्चित केल्यावरच पदार्थाच्या इतिहासास हात घालावा.