डोक्याला मार लागल्यानंतरची वर्षं

मेंदूच्या इजेवर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला, असं तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल. रास्त आहे. पण 'हा माणूस तोच आहे का?' हा आमच्या विषयाचा जुना प्रश्न, आणि मला तो पुस्तकाबाहेर भेटला, इथे भाईंदरमध्ये. माझा एक विद्यार्थी लोकलमधून पडला. बारा दिवस बेशुद्ध होता. घरी आला तेव्हा त्याची आई म्हणाली, "सर, पोरगा परत आला, पण आमचा नाही आला." आजचं व्याख्यान त्या वाक्यापासून सुरू होतं.

आधी आपल्या मुंबईतलं एक नाव घेऊ. मार्च 1962, बार्बाडोस. भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर, वय 28. चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला, कवटी फुटली. तेव्हा हेल्मेट नव्हतं. तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त द्यायला प्रतिस्पर्धी देशाचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले, आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगरही आले. सहा दिवसांनी शुद्ध आली. सुमारे दहा महिन्यांनी ते पुन्हा प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. कसोटी मात्र पुन्हा मिळाली नाही. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी 2022 मध्ये काढली, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी! आता सांगा, हे बरं होणं म्हणायचं की नाही? कसोटीच्या हिशोबाने नाही. आयुष्याच्या हिशोबाने नक्कीच हो.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, 1848 ची. फिनिअस गेज, रेल्वेच्या कामावरचा मुकादम. सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो जगला, पण स्वभाव बदलला, शिवराळ आणि बेभरवशाचा झाला, असं डॉक्टर हार्लो यांनी नोंदवलं. पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात. पुढचं कमी जण सांगतात. 1852 मध्ये तो चिलीला गेला आणि तिथे कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. रोज तेच घोडे, तोच रस्ता, तीच वेळ. मेंदूची विस्कटलेली शिस्त बाहेरच्या शिस्तीने सावरली असावी, असं काही इतिहासकारांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. 1860 मध्ये फेफऱ्याच्या झटक्यांनंतर तो वारला. म्हणजे जखम संपली असं कधीच नव्हतं.

मग दीर्घकाळची सुधारणा ठरते कशावर? 1974 मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी डोळे, बोलणं आणि हालचाल पाहून करायचं मोजमाप दिलं. पुढच्याच वर्षी जेनेट आणि बाँड यांनी परिणामाचे पाच टप्पे केले: मृत्यूपासून चांगल्या सुधारणेपर्यंत. पहिलं मोजमाप सांगतं की मार किती जबर. त्याच्या जोडीला वय, बेशुद्धीचा काळ, नंतर स्मृती किती दिवस विस्कळीत राहिली, वाटेत श्वास किंवा रक्तदाब घसरला का, हे सगळं येतं. हे आपल्या हातात फार कमी, म्हणून लवकर इस्पितळात पोचणं मोलाचं.

पण घरी आल्यावरचा हिशोब वेगळा. व्यायाम आणि वाचा-उपचार किती लवकर सुरू झाले, झोप कशी आहे, दारू सुटली का, उदासी कोणी ओळखली का, कामावर जागा मिळाली का, आणि मुख्य म्हणजे घरचे थकले की टिकले. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची सरकारी संस्था 1955 पासून आहे. पण आठवड्यातून दोनदा भाईंदरहून तिथे कोण नेणार, हाही वैद्यकीय प्रश्नच आहे, हो ना?

माझ्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांनी कोणीतरी सांगितलं, आता आहे तेवढंच. आईने ऐकलं नाही. तिने त्याला एकच काम दिलं: रोज सकाळी सहा वाजता दूध आणायचं. पहिल्या महिन्यात तो दोनदा वाट चुकला. आज नऊ वर्षांनी तो नवघर रोडला मामाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतो. यादी लिहून ठेवतो, अजून पटकन चिडतो, विनोद उशिरा कळतो.

परवा मी त्याच्या आईला विचारलं, "आता तो तुमचा आहे का?" ती म्हणाली, "सर, आधीचा नाही. हा दुसरा आहे. पण हाही माझाच."

तत्त्वज्ञानात पस्तीस वर्षं घालवून मला इतकं नेमकं उत्तर सुचलं नव्हतं. आता प्रश्न विचारा.