भगवानदादा पालव : एका विनोदी नटाचे जीवन व कार्य

विनोदी नटाचे चरित्र लिहावयास बसले म्हणजे एक अडचण प्रथम उभी राहते. ज्याने हयातभर लोकांस हसविले, त्याची गंभीरपणे दखल घेण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. विद्वान, उद्योगपती, लोकनेते यांची चरित्रे आपण मुलांच्या हाती देतो. विनोदी नटाच्या वाट्यास दोन गमतीदार आठवणी आणि मृत्यूनंतर हळहळीचा एक उद्गार एवढेच येते. भगवानदादा पालव यांच्या बाबतीत तर ही हळहळ म्हणजेच त्यांचे चरित्र होऊन बसले आहे. पंचवीस खोल्यांचा बंगला होता, सात मोटारी होत्या, आणि शेवटी चाळीत वारले, एवढ्या एका वाक्यात त्यांचे आयुष्य आटोपण्यात येते. हे वाक्य खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणामुळे अन्यायाचे आहे, असे आमचे मत आहे. म्हणून त्यांचा जीवनक्रम वाचकांपुढे थोडा सविस्तर ठेवीत आहोत.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तेही हेच वर्ष. भगवानरावांचे वडील कापड गिरणीत कामगार होते. घरची ओढाताण असल्याने मुलासही लहान वयातच अंगमेहनतीची कामे करावी लागली. व्यायामाची आवड आणि सिनेमाचे वेड या दोन गोष्टी त्याने त्या दिवसांतच जोपासल्या. शरीर ठेंगणे पण घोटीव, चेहरा गोल आणि भोळा. रूढ अर्थाने नायक व्हावे असे त्यात काही नव्हते. तथापि मूकपटांच्या जमान्यात बोलण्यापेक्षा शरीराचे मोल अधिक असे, आणि शरीर तर या तरुणाजवळ होते. ‘क्रिमिनल’ या मूकपटातून त्याचा या व्यवसायात प्रवेश झाला.

१९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट निघाला आणि मूकपटांतील अनेक नटांचा धंदा बसला. भगवानराव मात्र टिकले. याचे कारण, केवळ कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यावर ते समाधान मानून राहिले नाहीत. चित्रपट कसा तयार होतो याचे पायरीपायरीने ज्ञान त्यांनी करून घेतले. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्या जोडीने त्यांनी ‘बहादुर किसान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यानंतरची सुमारे दहा वर्षे ते कमी खर्चाचे मारधाडीचे व विनोदाचे चित्रपट काढीत राहिले. या चित्रपटांत बहुधा साध्याभोळ्या, फसणाऱ्या पण हार न मानणाऱ्या माणसाची भूमिका ते करीत. खर्च इतका हात राखून केला जाई की पात्रांच्या पोशाखांपासून मंडळींच्या जेवणापर्यंतची व्यवस्था ते स्वतः पाहत. मद्रासकडील ‘वनमोहिनी’ हा तमिळ बोलपटही १९४१ साली त्यांनी दिग्दर्शित केला. १९४२ साली ‘जागृती पिक्चर्स’ ही संस्था काढून ते निर्माते झाले, आणि १९४७ साली चेंबूर येथे त्यांनी स्वतःचा ‘जागृती स्टुडिओ’ उभारला. गिरणी कामगाराचा मुलगा चौतिसाव्या वर्षी स्टुडिओचा मालक झाला, ही गोष्ट बंगला आणि मोटारींच्या कथेत सहसा येत नाही. प्रतिष्ठित वर्तमानपत्रे या चित्रपटांकडे पाहत नसत. दिवसभर अंग मोडून काम करणारा प्रेक्षक मात्र ते आवडीने पाही. आपला प्रेक्षक कोण हे भगवानरावांस पक्के ठाऊक होते, कारण ते त्याच्याच घरातून आले होते.

या काळातील एक दुःखद घटना सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रणात कथानकानुसार भगवानरावांनी ललिता पवार यांच्या थोबाडीत मारावयाची होती. तो फटका प्रत्यक्षात फार जोराने बसला. त्यातून ललिताबाईंच्या चेहऱ्यास पक्षाघात झाला, सुमारे तीन वर्षे उपचार चालले, आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका करणाऱ्या तरुण अभिनेत्रीचा तो मार्ग एका क्षणात बंद झाला. पुढे चरित्र भूमिकांत ललिताबाईंनी जे स्थान मिळविले, ‘श्री ४२०’ आणि ‘अनाडी’ यांसारख्या चित्रपटांत जे काम केले, ते त्यांच्या स्वतःच्या जिद्दीचे फळ होय. त्या यशाकडे बोट दाखवून हा अपघात हलका लेखणे योग्य नव्हे. सराव व दक्षता यांविना घाईघाईने काम उरकण्याची त्या वेळच्या धंद्याची जी रीत होती, तिची किंमत कोणास मोजावी लागे, हे या प्रसंगावरून दिसते.

भगवानरावांच्या कीर्तीचा कळस म्हणजे १९५१ चा ‘अलबेला’. मारधाडीचे चित्रपट सोडून सामाजिक कथानक घ्यावे, असा सल्ला त्यांस राज कपूर यांनी दिला होता असे सांगतात. निर्माता, दिग्दर्शक व नायक अशी तिहेरी जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. नायिका गीता बाली, गीतकार राजेंद्र कृष्ण, आणि संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. दोघांचा स्नेह जुना. ‘वनमोहिनी’चे संगीतही चितळकरांचेच होते. ‘अलबेला’त नायकाचा आवाजही चितळकरांनी स्वतःच दिला आणि लता मंगेशकर यांच्यासह ती गाणी गाइली.

या चित्रपटाचा नायक प्यारेलाल हा बेताच्या मिळकतीच्या घरातील मुलगा. बहिणीच्या लग्नासाठी पैसा उभा करावयाचा असतो. त्यात आपला वाटा देणे त्यास जमत नाही. नाटकाच्या छंदापायी निरुद्योगी ठरलेला हा मुलगा बोलणी खाऊन घराबाहेर पडतो, रंगभूमीवर नाव कमावतो आणि घरी पैसे पाठवितो. ते पैसे मधल्यामध्येच गिळंकृत होतात, आणि आपण घर सावरले या समजुतीत तो राहतो. हुंड्याची चिंता, भावंडांची कर्तव्ये, कमावता आणि न कमावता यांत होणारा भेद, या गोष्टी मध्यम व गरीब घरांत कोणास समजावून सांगाव्या लागत नव्हत्या. लोक हसले ते स्वतःच्याच घराकडे पाहून. हा चित्रपट त्या वर्षीच्या अत्यंत यशस्वी चित्रपटांत गणला जातो.

आणि त्यातील नृत्य! आमच्या मते भगवानरावांचे खरे कार्य येथे आहे. आपल्याकडे नृत्य म्हणजे गुरुगृही वर्षानुवर्षे केलेली साधना, नाही तर तमाशाचा फड, अशी समजूत होती. सभ्य घरातल्या पुरुषाने नाचावे अशी सोयच नव्हती. भगवानरावांनी गुडघे किंचित वाकवून, खांदे लयीत हलवून, एखादा हात सैल सोडून, दोन पावले पुढे आणि दोन मागे असा एक नाच पडद्यावर आणला. त्यास जागा लागत नाही, शिक्षण लागत नाही, सडपातळ अंगही लागत नाही. चाळीच्या गॅलरीत तो नाचता येतो. अमिताभ बच्चन यांच्या पडद्यावरील नृत्यात भगवानदादांची छाप रसिकांनी ओळखली आहे. परंतु त्याहून मोठी मान्यता गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीने आणि लग्नाच्या वरातीने दिली. तेथे आजही एखादे वयस्क गृहस्थ लाजतलाजत पुढे येतात आणि नकळत भगवानदादांचीच पावले टाकतात.

यानंतर उतरण लागली. तीच मंडळी घेऊन काढलेला ‘झमेला’ (१९५३) पहिल्याची सर गाठू शकला नाही. १९६५ साली गीता बाली देवीच्या आजाराने वारल्या. १९६६ चा ‘लाबेला’ अपयशी ठरला. किशोर कुमार यांस घेऊन आरंभिलेला ‘हंसते रहना’ पुरा झालाच नाही, आणि त्यात घातलेला पैसा बुडाला. चित्रपटनिर्मितीत एका चित्रावर मिळालेला नफा पुढच्या चित्रात घालावा लागतो, तो पुरला नाही तर घरदार तारण ठेवून कर्ज काढावे लागते. एक चित्र पडले की घर आणि धंदा दोन्ही एकदम हातचे जातात. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. उधळपट्टी झाली नाही असे आम्ही म्हणत नाही; आठवड्याच्या सात वारांस सात मोटारी ही चैनच होती. परंतु निवृत्तिवेतन नाही, विमा नाही, आणि नाव जुने झाले की काम नाही, अशा धंद्यात काटकसरी माणूसही सुरक्षित नसतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. ज्यांच्या घरांतील मुले आज कलाक्षेत्रात शिरत आहेत त्या पालकांनी यातून एक व्यवहाराची गोष्ट घ्यावी : धंद्याचे कर्ज राहत्या घराच्या उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नये.

ज्या गृहस्थाने स्वतःचा स्टुडिओ चालविला, तो पुढील काळात दुसऱ्यांच्या चित्रपटांत लहानसहान भूमिका करू लागला. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘चोरी चोरी’ (१९५६) यांतील भूमिका निदान नजरेत भरण्याजोग्या होत्या. नंतर मात्र गर्दीतील दोन मिनिटांचे नाचही त्यांनी केले. यास पुष्कळ लोक अधःपात म्हणतात. आम्हांस त्यात कष्टकरी माणसाचा स्वाभिमान दिसतो. गिरणीतल्या माणसास एका खात्यातून काढले तर तो दुसऱ्या खात्यात उभा राहतो. कामाची लाज तो धरीत नाही. भगवानदादाही तसेच उभे राहिले. जुन्या मित्रांपैकी सी. रामचंद्र, ओमप्रकाश, राजेंद्र कृष्ण यांनी पडत्या काळातही त्यांच्याशी संबंध ठेवला, ही गोष्ट त्या मित्रांस भूषणावह आहे. दादरच्या चाळीतील घरी ४ फेब्रुवारी २००२ रोजी हृदयविकाराने भगवानदादांचे निधन झाले. त्या वेळी ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. २०१६ साली ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट त्यांच्या जीवनावर निघाला. मंगेश देसाई यांनी त्यांची आणि विद्या बालन यांनी गीता बालींची भूमिका केली.

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. बंगला आणि मोटारी या भगवानदादांच्या आयुष्यात थोडी वर्षे होत्या. श्रम आरंभापासून अखेरपर्यंत होते. चाळीत ते मेले हे खरे, परंतु ज्या वस्तीच्या करमणुकीसाठी त्यांनी हयात वेचली, त्याच वस्तीत ते अखेरपर्यंत राहिले असेही ते वाक्य वाचता येते. पैसा त्यांच्याकडून गेला. जो नाच त्यांनी लोकांस दिला तो लोकांनी परत केला नाही, आणि तो कर्जात जप्तही झाला नाही. त्यांचा हिशेब मांडताना ही रक्कमही जमेस धरावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.