खिळ्यांविना होडी

ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात मॉर्टिमर कूली यांनी १८८१ मध्ये सागरी अभियांत्रिकी शिकवायला घेतली. पण घरच्या अंगणात होडी बांधणाऱ्यांचं नशीब पालटलं ते तिथून दीडेकशे किलोमीटर उत्तरेला, बे सिटीत.

मीड, जोएल आणि जॅन या गूजन बंधूंना बर्फावर धावणाऱ्या शिडाच्या होड्यांचं वेड. त्यांच्याआधी, १९४२ मध्ये, टोलेडोच्या रे ग्रीन यांनी फायबरग्लास आणि पॉलिएस्टर रेझिनची होडी केली होती. मात्र पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही. इपॉक्सी रेझिन धरतं. गूजन बंधूंनी ते लाकडावर सर्व बाजूंनी चढवलं, पाण्याची वाटच बंद केली. १९७० ची त्यांची ‘अडाजिओ’ ही पस्तीस फुटी होडी खिळे-स्क्रूंशिवाय उभी राहिली. धाडसच ते!

इपॉक्सीचं काम बघण्यासारखं असतं. फायबरग्लासचं कोरडं पांढरं कापड होडीवर अंथरायचं, इपॉक्सी ओतायचं आणि रबरी पट्टीनं मधून कडेकडे सारायचं. कापड पारदर्शक होतं, खालच्या लाकडाच्या रेषा दिसू लागतात. पांढुरका डाग राहिला, तर तिथे इपॉक्सी कमी पडलं किंवा हवा अडकली. पट्टी फार दाबली तरी कापड उपाशी राहतं. पहिला थर पुरता कडक होण्याआधी दुसरा दिला, की दोन्ही रासायनिकरीत्या एकजीव होतात. उशीर झाला, तर धुऊन, घासून मगच पुढचा थर.