पेला कोणाच्या हातचा?

प्रवासात जिवाभावाचा मित्र भेटावा, दुपार कलती झालेली असावी आणि समोर बटाटेवडा, शिरा, खारी बिस्किटे व वाफाळलेला चहा अशी चंगळ मांडलेली असावी, ह्यापरते सुख थोडेच. ठाणे, डोंबिवली, कल्याण ह्या टापूत ज्याचे निम्मे आयुष्य आगगाडीत जाते, त्याला हे सुख समजावून सांगावयास नको. परंतु ह्या सुखालाही इतिहास आहे, आणि तो चहाइतका गोड नाही. पेल्यात काय आहे ह्यापेक्षा पेला कोणाच्या हातचा, हा प्रश्न आपल्या समाजाने दीर्घकाळ मोठा मानला.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदराहून पहिली गाडी निघाली. चौदा डबे, तीन इंजिने आणि सुमारे चारशे पाहुणे! एकवीस मैलांवरच्या ठाण्यास गाडी पोहोचली तेव्हा पाहुण्यांसाठी तंबूंत फराळाचा थाट मांडलेला होता. आमच्या ह्या भागातील आगगाडीच्या प्रवासाची सुरुवातच अशी दुपारच्या पाहुणचाराने झाली. पुढल्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणास आला.

आगगाडीने एक मोठे काम केले. तिने परक्या माणसांना एका बाकावर बसविले. तिकिटाचे पैसे मोजले की शेजारी कोण बसेल ह्यावर कोणाचा ताबा राहिला नाही. बाक एक झाला, पेला मात्र एक होईना. ब्रिटिश अमदानीत कित्येक स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ अशा निराळ्या आरोळ्या ऐकू येत. पुढे चहाचीही तीच गत झाली.

ह्या सोवळ्याओवळ्याचा गाजलेला प्रसंग पुण्यात घडला, आणि त्याचा एक धागा कल्याणास पोहोचतो. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळराव गोखले ही त्यांतली ठळक नावे. मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेविली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला. पुढे हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात झळकली. हे घडविण्यात पुढाकार होता गोपाळराव जोशी ह्यांचा.

हे गोपाळराव म्हणजे एके काळी कल्याणास टपालखात्यात नोकरीस असलेले गृहस्थ, आणि १८६५ साली कल्याणास जन्मलेल्या डॉ. आनंदीबाईंचे पती. १८८३ साली आनंदीबाई शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. परधर्मीय घरात आपला आचार सांभाळूनही निखळ जिव्हाळा जोडता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. इकडे पुण्यात मात्र एका पेल्यापायी ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. ग्रामण्यामुळे ज्यांच्या घरी अडचणी उभ्या राहिल्या, त्या स्नेह्यांसाठी ते त्यास तयार झाले, असे रमाबाईंच्या आठवणींवरून दिसते. सुधारक मित्रांनी त्यांना त्याबद्दल बोल लाविला तो लाविलाच.

तथापि ही कथा पानावर बसलेल्यांची झाली. ज्यांना त्या पानापर्यंत येऊच दिले नाही, त्यांचे काय? १९०१ च्या सुमारास भीमराव आंबेडकर हा बालक भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटावयास निघाला. मसूर स्थानकावर जात कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटला. पुढे बैलगाडीच्या प्रवासात जवळ खावयास होते, पण प्यावयास पाणी कोणी देईना. मुले तशीच उपाशी झोपली. पुण्यातील मंडळींना चहा घेतल्याची शिक्षा झाली. ह्या मुलांना पाण्याचा घोटही मिळाला नाही. दोन्हींच्या मुळाशी रूढी एकच, पण सोसण्यात केवढे अंतर! त्याच भीमरावांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेने अस्पृश्यता नाहीशी केली आणि धर्म, जात ह्यांच्या नावाखाली दुकान वा उपाहारगृह कोणास बंद ठेवता येणार नाही, असे बजावले. आज कल्याणच्या फलाटावर चहा घेताना आपण विक्रेत्याची जात विचारीत नाही. ही आपोआप आलेली सवय नव्हे. तिच्यासाठी कोणी बोल सोसले, कोणी तहान सोसली.

परंतु कायद्याची सत्ता उपाहारगृहाच्या दारापर्यंत चालते, घरातील फळीवर चालत नाही. धुणेभांडी करणाऱ्या बाईंसाठी फळीच्या कोपऱ्यात निराळी कपबशी ठेवलेली घरे अजूनही आहेत. ती कपबशी जोवर इतर कपबशांत मिसळत नाही, तोवर पंचहौदाचा इतिहास संपला असे आम्हांस म्हणता यावयाचे नाही.