कोल्हार आणि कोल्हारकर

नगरहून मनमाडकडे जाताना प्रवरेच्या अलीकडे कोल्हार खुर्द लागते, पलीकडे कोल्हार बुद्रुक. धाकटे आणि थोरले. दोन्ही विशेषणे फारसीतून आलेली. तिसरे कोल्हार पाथर्डी तालुक्यात, चौथे विजापूरकडे कृष्णाकाठी. मग 'कोल्हार' आडनावाचे घराणे मूळचे कुठले?

माझ्या मते पहिला धागा प्रत्ययात सापडतो. मराठीत गावाला 'कर' जोडतात: मंगेशीचे मंगेशकर. उत्तर कर्नाटकात गावाचे नाव तसेच लावतात: मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल. म्हणून नुसते 'कोल्हार' दिसले की मी आधी कृष्णेकडे पाहतो, 'कोल्हारकर' दिसले की प्रवरेकडे. अर्थात हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

गावातच नांदणाऱ्याला शेजारी गावाच्या नावाने ओळखत नाहीत; ते नाव परमुलखात चिकटते. असे आडनाव म्हणजे गाव सोडल्याची खूण. त्या प्रवासात बुद्रुक-खुर्द गळून पडते आणि नदीचा काठ हरवतो. तो शोधायचा तर घरातले जुने कागद पाहावेत, कुळाचार विचारावा. देव्हाऱ्यात कोल्हारची भगवती असेल, तर प्रवरेचा दावा बळावतो. आडनाव दिशा दाखवते. घर आपणच शोधायचे.